खिडकीतली बोटं

सोमवार, ३ जून

मेलेनाइते ताई,

हे पत्र आईने सांगून लिहवून घेतलेलं नाही. तिला ठाऊकही नाही. रविवारी चर्चनंतर तुझा ऑकलंडहून फोन येतो, तेव्हा मी अंगणात उमूच्या खड्ड्यावरची माती बाजूला करून भाजलेलं जेवण काढत असतो. आई आतून ओरडते, "मेलेनाइते विचारतेय, सगळे बरे आहेत का?" मी बाहेरून म्हणतो, "बरे आहेत म्हणावं." तू गेल्यापासून आपलं बोलणं एवढंच. त्यात वावगं काही नाही. मोठं झाल्यावर भावाबहिणीने आणखी काय बोलायचं असतं? पण ही गोष्ट आईच्या तोंडून तुझ्यापर्यंत नीट पोचणार नाही, म्हणून लिहितो.

तुझी जागा जाईल अशी भीती आहे.

तुझी बिनपगारी रजा येत्या डिसेंबरात संपते. तोवर जागा राखून ठेवू, असं लोसालिने मावशींनी आईला सांगितलं होतं. तुमच्या विभागाच्या प्रमुखच त्या, म्हणून मी निश्चिंत होतो. पण गेल्या आठवड्यात राजधानीतल्या आरोग्य खात्याच्या काटोआ मॅडम जहाजाने आल्या. ऑस्ट्रेलियात शिकलेल्या आहेत. प्रत्येक बेटावरच्या हॉस्पिटलात त्या एक पाहणी करताहेत. पाहणीचं नाव 'सुईणींचे नोकरीतील समाधान'. हा शब्द भावाने बहिणीला लिहायचा नसतो, म्हणून लिहिण्याआधी मी पेन बराच वेळ खाली ठेवलं होतं. तो सरकारी कागदावर छापलेला आहे म्हणून एकदा लिहिला. पुढे 'तुम्ही बायका' एवढंच लिहीन, तू समजून घे.

प्रश्न वाचायचे, प्रत्येकीने एक ते पाचमधला आकडा सांगायचा. एक म्हणजे मुळीच समाधान नाही, पाच म्हणजे पूर्ण. जिथे समाधान कमी निघेल तिथल्या रिकाम्या जागा खातं भरणार. जिथे सगळं छान आहे तिथल्या रिकाम्या जागा काढून दुसऱ्या बेटाला देणार. आपल्याकडे रिकामी जागा एकच आहे, आणि ती तुझी.

आकडे लिहायचं काम माझ्याकडे आलंय. लोसालिने मावशी मॅडमना म्हणाल्या, "आमच्या बायकांना टेकायला वेळ नाही, लिहिणार कधी? हा आमचा वॉर्डबॉय इसिलेली. शाळा अर्धी सुटली, पण अक्षर बघा." मॅडमनी ऑक्सिजनच्या सिलिंडरवर मी लावलेल्या चिठ्ठ्या बघितल्या आणि म्हणाल्या, "छान. हाच चालेल."

अक्षर तुझंच आहे. मी जेवणाचा डबा घेऊन यायचो तेव्हाचं तुला आठवतं का? तू नवी लागली होतीस. व्हरांड्यात पोटुशा, म्हणजे दाखल व्हायला आलेल्या बायका बसलेल्या असत, त्या मला उसाचे तुकडे द्यायच्या. आतून तुझा आवाज यायचा. लहान होतो, तेव्हा मी तो ऐकला तरी कुणाला काही वाटत नसे. एवढ्या किडकिडीत मुलीचा एवढा मोठा आवाज, असं त्या बायका म्हणायच्या. मग तू हात पुसत बाहेर यायचीस, हाताला खोबरेल तेलाचा वास, आणि आपण समुद्राच्या रस्त्याने घरी जायचो. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत एक शब्द. पुढचा खांब यायच्या आत त्याची अक्षरं बरोबर सांगितली नाहीत तर मागच्या खांबापासून पुन्हा चालायचं. आईला वाटायचं, हॉस्पिटलात काम फार असतं म्हणून उशीर होतो.

नंतर बाबांनी माझ्यासाठी फणसाच्या झाडामागे वेगळी झोपडी बांधली. मुलगा मोठा झाला, आता बहिणीच्या छपराखाली झोपायचं नाही. मला फार आनंद झाला होता. त्या दिवसापासून माझं ताट तू आईच्या हातून पाठवायला लागलीस.

पाहणी गुरुवारी आहे. चुकून एखादा आकडा चुकीच्या चौकटीत जाऊ नये म्हणून मी कोऱ्या कागदावर सराव केलाय.

तुझा भाऊ,
इसिलेली


शुक्रवार, १४ जून

ताई,

पाहणी झाली. कशी झाली ते सांगतो, आणि पुढचं तुला कळेलच.

तुम्हा बायकांच्या चहाच्या खोलीत सगळ्या जमल्या होत्या. सरकारी कामाला शोभावं म्हणून मी कपड्यांवरून कमरेची चटई नीट बांधून गेलो होतो. लेसिएली नेहमीसारखी खिडकीत पाय वर घेऊन बसलेली. तिने विचारलं, "हसायचं असेल तर पाच आणि रडायचं असेल तर एक, असंच ना? मग पगाराचा प्रश्न कितवा आहे ते आधी सांग, म्हणजे रुमाल काढून ठेवते."

"त्याला वाचू दे गं," लोसालिने मावशी म्हणाल्या.

मी पहिला प्रश्न वाचला, 'मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो.' सगळ्यांनी पाच सांगितले. लेसिएली म्हणाली, "अभिमान पाच, गुडघे एक. गुडघ्यांचा प्रश्न आहे का?" सगळ्या हसल्या, मीही हसलो.

तेवढ्यात ड्यूटी संपवून सिसिलिया आत आली.

तिने मला पाहिलं आणि दारातच थबकली. मी कागदाकडे बघितलं. काकांची मुलगी असली तरी बहीण ती बहीणच. लोसालिने मावशींना वाटलं, सरकारी काम आहे, निभावून जाईल. म्हणाल्या, "ये सिसिलिया, आत्ताच सुरू झालंय." ती फ्रिजच्या पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसली. लेसिएलीने पाय खाली घेतले आणि घागरा गुडघ्यावरून खाली ओढला.

मी दुसरा प्रश्न वाचला, 'रात्रपाळीनंतर मला पुरेशी विश्रांती मिळते.'

"पाच," लोसालिने मावशी म्हणाल्या.

"पाच," लेसिएली म्हणाली, आणि थोडं थांबून, "यंदा कोनफळं मोठी आलीत म्हणे."

"दक्षिणेचा वारा आहे ना," दुसरी कुणीतरी म्हणाली.

तिसऱ्या प्रश्नात तो शब्द होता. मी खोकलो. पुन्हा खोकलो. लोसालिने मावशी छताकडे बघत म्हणाल्या, "पाच लिही, बाबा. पुढच्यालाही पाच लिही."

मग मी फक्त प्रश्नाचा क्रमांक सांगत गेलो आणि त्या पाच म्हणत गेल्या. पगारालासुद्धा पाच मिळाले. सिसिलियाच्या वाटचे पाच लोसालिने मावशींनीच सांगितले.

राजधानीत आता भाऊ-बहीण एकत्र बसून टीव्हीवर वाटेल ते बघतात म्हणे. मॅडमच्या हे डोक्यातच आलं नसेल. माझ्या आलं होतं, पण मला वाटलं, सिसिलियाची ड्यूटी आहे, ती येणार नाही.

एकही खाडाखोड नसलेला कागद मी पाठवला आहे.

इसिलेली


मंगळवार, २५ जून

ताई,

काल काटोआ मॅडमचा फोन आला. लोसालिने मावशींच्या टेबलावरचा फोन मी पहिल्यांदाच उचलला.

"इसिलेली, अभिनंदन. अख्ख्या पॅसिफिकमध्ये तुमच्याइतका सुखी विभाग सापडणार नाही. पगारालाही पाच? मी तिथे बदली मागू का?"

मी म्हटलं, "मॅडम, आकडे मी बरोबर लिहिलेत."

"ते दिसतंच आहे. खोलीत कोण कोण होतं?"

मी नावं सांगितली.

"सिसिलिया तुझी कुणी लागते?"

"काकांची मुलगी."

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि प्रश्न तू वाचत होतास." मी हो म्हटलं. "मी तुझं अक्षर बघितलं रे. नाती विचारायची राहिली. ऑस्ट्रेलियात आम्हाला कुणी हे शिकवलंच नाही, आणि घरी शिकले होते ते मी विसरले." त्या म्हणाल्या, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाहणी पुन्हा झाली तर हे आकडे त्या बाजूला ठेवतील. नाही झाली तर हेच पुढे जातील आणि तुझी जागा कागदावरून जाईल.

पुन्हा कोण विचारणार? मावशींनी विचारलं तर प्रमुखासमोर बायका पाचच म्हणणार. एकमेकींना विचारलं तर हसण्यावारी नेणार. ज्या बाईसमोर कुणाला खोटं बोलता येत नाही अशी बाई हवी होती. मी संध्याकाळी फूसी आत्याकडे गेलो.

ती ओसरीत कापडासाठी झाडाची साल कुटत होती. तू तिच्यासमोर बसून साल कुटायचीस आणि दोघींच्या लाकडी मोगऱ्यांचा ठेका जमायचा, तो आमच्या मैदानावरून ऐकू यायचा. ठेका चुकला की आम्ही पोरं ओरडायचो, "मेलेनाइते झोपली." आता ती एकटीच कुटते.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली.

"वाचायला लेसिएली आहे."

"मग मी कशाला?"

"त्यांनी खरं बोलावं म्हणून."

"काय खरं?"

"नोकरीत समाधान किती, ते एक ते पाचमध्ये."

"मोजून काय करणार? उमूत घालणार?"

"ताईची जागा राहील."

तिने मोगरी खाली ठेवली. "हे आधी बोलायला काय झालं होतं? आल्यापासून आकडे आकडे करतोयस." मग तिने विचार केला आणि म्हणाली, "त्यांना लिहायला बसवू नकोस. हातात पेन आलं की बाई गोड बोलते. त्या काय सांगतात ते मी ऐकेन आणि आकडा मी लावेन."

"आत्या, आकडा त्यांनी लावायचा असतो."

"तुझ्या बापाचं नाव कुणी ठेवलं होतं, ठाऊक आहे का तुला? त्याच्या आत्याने. सबंध माणसाचं नाव ठेवता येतं, तर आकडा लावता येत नाही?"

मी मॅडमना हे कळवलेलं नाही. पाहणीच्या पद्धतीत हे बसतं का, ते मला माहीत नाही.

इसिलेली


शनिवार, ६ जुलै

ताई,

झालं. आज सकाळपासून दुपारपर्यंत चाललं.

आत्या चर्चला जायचे कपडे घालून आली होती. चहाच्या खोलीत ती, लेसिएली कागद घेऊन, आणि एकेक बाई आत. मला त्यातलं काही ऐकू येता कामा नये म्हणून आत्याने मला आवारापलीकडच्या फणसाखाली बसवलं. माझ्या मांडीवर पाटी आणि कागद. आत एक उत्तर संपलं की काचपट्ट्यांच्या खिडकीतून आत्याचा हात बाहेर यायचा, तितकी बोटं मी लिहायची.

तुला सांगतो, शब्द एकही कळला नाही, पण मला सगळं कळल्यासारखं वाटत होतं. आतून हसण्याचा आवाज येई, मग बराच वेळ शांतता, मग दोन बोटं. कधी कुणीतरी तावातावाने बोलायची आणि एक बोट यायचं. लेसिएलीच्या वेळी पगाराचा प्रश्न आला. तो मला तिच्या हसण्यावरून कळला. आत्याने एक बोट बाहेर काढलं आणि अर्धं दुमडलं. मी एक लिहिलं. अर्धं लिहायला चौकटीत जागा नव्हती. विश्रांतीला सगळ्यांचं एक. लोसालिने मावशी आत सगळ्यांत जास्त वेळ होत्या, बाहेर आल्या तेव्हा तोंड धुऊन आल्या होत्या, आणि माझ्या शेजारून जाताना म्हणाल्या, "तुझी आत्या सरकारात हवी होती."

पहिल्या प्रश्नाला मात्र प्रत्येक वेळी पूर्ण पंजा आला. अभिमानाला. तोही आत्या असा दाखवायची की जणू खिडकीतून कुणाला थांबवतेय.

'कामाच्या ठिकाणी मला मोकळेपणाने बोलता येते.' हा प्रश्न शेवटाकडे आहे. मावशी दोन, लेसिएली एक, बाकीच्या एक. मला आश्चर्य वाटलं, कारण तुमच्या विभागाइतक्या गप्पा हॉस्पिटलात कुठेच होत नसत. निदान पूर्वी होत नसत. शेवटी सिसिलिया आत गेली. या प्रश्नाला खिडकीतून मूठ बाहेर आली.

मी वाट बघितली. बोट निघालं नाही. मूठ तशीच राहिली आणि आत गेली.

सगळं संपल्यावर मी आत्याला विचारलं, "सिसिलियाच्या त्या चौकटीत काय लिहू?"

"काय दाखवलं होतं मी?"

"मूठ."

"मग तेच."

"शून्य छापलेलं नाही, आत्या. एकपासून सुरुवात आहे."

"मग छापणाऱ्याला सांग." तिने कमरेचा पट्टा घट्ट केला. "आणि मला घरी सोड. या बायकांनी माझं डोकं उठवलंय."

"असं का सांगितलं तिने?"

"तुला कुणी विचारायला बसवलं होतं? तू लिहिणारा."

ती चौकट मी कोरी ठेवली आहे.  

इसिलेली


सोमवार, २२ जुलै

ताई,

आत्याने सांगितलं. मी दोनदा विचारलं तेव्हा नाही सांगितलं. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही, नुसता ओसरीत बसून राहिलो, तेव्हा सांगितलं.

"त्या पोरींना दिवसभर जे बोलावं लागतं, ते भावाच्या कानावर पडून चालतं का?" ती म्हणाली. "आत एखादी बाई वेदनेने ओरडतेय, तिला सिसिलियाने ओरडून काहीतरी सांगायचंय, आणि बाहेर तू सिलिंडर ढकलत येतोस. तुझ्या चपलांचा आवाज आला की ती तोंड मिटते. मग दुसरी कुणीतरी तिच्या वाटचं ओरडते. आणि तिची अडचण होते म्हणून बाकीच्याही कुजबुजतात. असं काम करायचं असतं का?"

मी म्हटलं, "मला कुणीच काही बोललं नाही."

"कोण बोलणार? तू चांगला पोरगा आहेस. फरशी पुसतोस तर आरसा होतो."

मग ती तुझ्याबद्दल बोलली. सिसिलियाचं हे दुखणं, तर मी नोकरीला लागल्यापासूनची तुझी दोन वर्षं तशीच तोंड मिटून गेली. तू तर सख्खी बहीण. आत्या तुला म्हणाली होती, मी हॉस्पिटलात एक शब्द टाकते, उद्या पोरगा बागेत माळ्याच्या हाताखाली लागेल. तू तिला जे उत्तर दिलंस ते तिने मला तसंच सांगितलं. "शाळेने त्याला एकदा बाहेर काढलंय, आत्या. आता मी नाही काढणार." आणि महिन्याभरात तू ऑकलंडचं तिकीट काढलंस.

आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, तू जास्त पैशांसाठी गेलीस. आई शेजारणींना अजून तेच सांगते. तिकडे तू म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायच्या नोकरीत आहेस, इथलं तुमचं काम करत नाहीस, हे मला आईकडून कळलं होतं. मी म्हटलं, तिला बदल हवा असेल.

माझ्या नोकरीचा पहिला दिवस मला चांगला आठवतो. निळा शर्ट नवा होता. तू तुमच्या विभागाच्या दारात उभी होतीस. माझ्याकडे बघितलंस आणि लोसालिने मावशींना म्हणालीस, "त्याला म्हणावं, शर्ट शोभतो." मी दिवसभर त्या व्हरांड्यातून नको तितक्या फेऱ्या मारल्या. मला वाटलं, लहानपणी डबा घेऊन यायचो तो हाच व्हरांडा, आता मी इथला झालो. ताई आत, मी बाहेर, पुन्हा पूर्वीसारखं. मी एकदाही आतून तुझा आवाज ऐकला नाही, आणि मला वाटलं, मोठी झाली, तिचा आवाज बसला. लेसिएली आतून इतकी का ओरडते, असा एकदा मी मावशींकडे तक्रारवजा विषयही काढला होता. मावशी म्हणाल्या, "ती दोघींचं ओरडते." मी हसलो होतो.

मी मॅडमना फोन केला. मूठ आली होती, आणि ती का आली, तेही सांगितलं. पाहणीच्या कागदावर वॉर्डबॉयसाठी चौकट नाही, पण शून्य कुणामुळे ते लिहून घ्यावं, असं म्हटलं.

त्या म्हणाल्या, "इसिलेली, माझा भाऊ पोलिसात आहे. तो जेवायला आला की मी अजून स्वयंपाकघरात उभी राहून जेवते. आणि मी चार महिने या पाहणीचे प्रश्न तयार करत होते." मग म्हणाल्या, "आकड्यांच्या खाली एक परिच्छेद लिहीन. नावं घालणार नाही. तुझं तर नाहीच."

मी म्हटलं, "माझं घातलं तरी चालेल."

"नाही चालणार. तुला पुन्हा नोकरी लागायची आहे." यावरून मला कळलं की मी काय ठरवलंय ते त्यांनी माझ्या आधी ओळखलं.

आत्याने मला काही करायला सांगितलेलं नाही. ती सांगू शकली असती आणि मला ऐकावंच लागलं असतं. मी उठताना ती एवढंच म्हणाली, "फणस घेऊन जा, पिकलेत."

इसिलेली


शुक्रवार, ३० ऑगस्ट

ताई,

मॅडमचा अहवाल आला. आपल्या विभागाचं समाधान सगळ्या बेटांत खालून दुसरं आहे. लोसालिने मावशींनी तो कागद चहाच्या खोलीत चिकटवला आणि लेसिएलीने खाली लिहिलं, 'पुढच्या वर्षी पहिला नंबर काढू.' तुझी जागा राहिली आहे. शिवाय आणखी एक जागा मिळणार आहे, ती राजधानीतून भरतील.

मी ऑगस्टच्या सुरुवातीला हॉस्पिटल सोडलं. शर्ट धुऊन, इस्त्री करून परत दिला. माझ्या जागी दूरच्या बेटावरचा एक मुलगा आलाय, केपू नावाचा. मावशींनी त्याला आधी आजोबांचं नाव विचारलं, मग आजीचं, मग तिच्या माहेरचं, आणि सगळ्यात शेवटी त्याचं स्वतःचं. इथे त्याचं कुणीही लागत नाही, याची खात्री झाल्यावर त्याच्या हातात झाडू दिला. तो फरशीचे कोपरे सोडतो, पण ते आता माझं काम नाही.

आई रागावली आहे. "सरकारी नोकरी सोडून बर्फात काय पुरलंय?" असं रोज एकदा विचारते. तिला मी खरं कारण सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. मी धक्क्यावरच्या शीतगृहात लागलोय. जहाजावरून येणाऱ्या आणि जाणाऱ्या मासळी-मटणाच्या पेट्यांवर नावं लिहायची आणि चढउतार बघायची. पहिल्या दिवशी तिथला मुकादम मला म्हणाला, "हॉस्पिटलातून आलास ना? मग एवढं ओळखशील, आमचे सगळे पेशंट आधीच गेलेले असतात." तिथली माणसं दिवसभर वाटेल ते बोलतात. त्यांच्यातल्या कुणाचीही बहीण आसपास नाही. सुरुवातीला मला ते ऐकून लाज वाटायची, आता हसू येतं. कामाची जागा अशी असते, हे मला माहीतच नव्हतं.

मी कुठल्या प्रश्नाला किती बोटं दाखवीन याचा विचार केला. थंडीला एक. मुकादमाला तीन. बाकी पाच.

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा आईने तुला माझ्या नोकरीबद्दल सांगितलं, तिच्या पद्धतीने. मी बाहेर होतो. मग तू विचारलंस, त्याला तिथे थंडी वाजते का. आईने ओरडून मला विचारलं. मी म्हटलं, वाजते म्हणावं, पण आत्याने बाबांचा जुना कोट दिलाय.

मग तू आईला विचारलंस की डिसेंबरात राजधानीहून जहाज कोणत्या वारी सुटतं. आईला ठाऊक नव्हतं. तिने मला तेव्हा विचारलं नाही, जेवताना सहज सांगितलं, कारण तिला तो प्रश्न साधा वाटला.

गुरुवारी. सकाळी सुटतं आणि भरती असली तर दिवेलागणीच्या आत इथे लागतं. गुरुवारी धक्क्यावर मीच असतो, त्यासाठी मला रजा काढावी लागणार नाही. तू काही बोलायची गरज नाही, मीही बोलणार नाही. सामान मी उचलीन. तू पुढे चाल.

तुझा भाऊ,
इसिलेली